बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी

अध्यक्ष महाराज आणि रसिकहो,

माझी ओळख करून देताना ‘ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या बाई’ असं म्हटलं गेलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक-दोन कपाळांवर आठ्या पडल्या. त्यात नवल नाही. पुण्यात ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की पागोटं, तलवार आणि शनिवारवाडा. त्यात चर्च कुठे बसवायचं? पण क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जमीन १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, आणि ती दिली त्यांच्याच फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेसाठी. मराठीतली पहिली समजली जाणारी कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. ती लिहिणारे बाबा पदमनजी त्याआधी तीनच वर्षं ख्रिस्ती झाले होते. तेव्हा मी काही परमुलखातला माल पुण्यात विकायला आणलेला नाही.

आज मला माझं एक मत तुमच्यापुढे मांडायचं आहे. आमच्या प्रकारच्या कादंबऱ्यांत बहुतेक लेखक बाप्तिस्मा शेवटी ठेवतात. नायक छळ सोसतो, शंका फिटतात, तो पाण्यात उतरतो आणि पुस्तक मिटतं. मी तो प्रसंग लवकर उरकते. माणसाच्या मनात श्रद्धा कशी उगवली हे सांगताना मी मी म्हणणाऱ्या कादंबरीकाराची भाषा प्रवचनासारखी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच माणसाला पाणी भरायचं असतं, जेवायचं असतं, आणि आईच्या दारावरून जायचं असतं. आता कोणत्या विहिरीवर जायचं? ताट कोण वाढणार? कथानक तिथे आहे, आणि माझं सगळं संशोधन त्या दुसऱ्या दिवसासाठी असतं.

फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला त्याचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापून निघाला. ‘तैसी भासांमाजि चोखळा भासा मराठी’ ही ओवी आपण सगळे दरवर्षी मराठी भाषा दिनाला ऐकतो, नंतर वर्षभर विसरतो. मला त्या ओवीपेक्षा ग्रंथाच्या सुरुवातीचा प्रसंग मोलाचा वाटतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीबाबाला म्हणतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी काही का देत नाही? बघा, धर्म बदलला आणि संध्याकाळ रिकामी झाली! दिवेलागणीला ओसरीवर बसून ऐकायचं काय? या तक्रारीला स्टीफन्सने ओवीबद्ध उत्तर दिलं. गोव्याच्या साष्टीतल्या त्या रिकाम्या संध्याकाळीवर एक अख्खी कादंबरी उभी राहील. मी अजून लिहिलेली नाही. कोणाला लिहायची असेल तर खुशाल घ्या.

आता आपल्या गावाकडे येते. व्याख्यानं ऐकायची सवय पुण्याला लावणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे आघाडीवर होते. वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. हेच रानडे १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेले. लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा आला. (आजही आहे, घाबरू नका.) कोणी प्यायलं, कोणी नुसता कपाला हात लावला. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात गहजब झाला. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी, प्रायश्चित्तं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारकच त्यांच्यावर चिडले. एका कपाची ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पण ती नेहमी पिणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. मी विचारलं, चहा केला कोणी?

तिथून मला माझा नायक मिळाला. तो माझ्या कल्पनेतला आहे, हे स्पष्ट सांगते, कारण वाचक नंतर त्याची कबर शोधत फिरतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आईबाप गेलेला, नगरकडचा, मिशनमध्ये वाढलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. त्या दिवशी तो तबकं फिरवतो. मोठमोठी माणसं आपल्या हातचा चहा पितात म्हणून त्याची छाती फुगते. मग महिन्यांमागून महिने त्याच्या कानावर येत राहतं, की तो घोट पोटात गेला म्हणून कोणाला काय काय प्रायश्चित्त घ्यावं लागणार. त्याला कोणी मारत नाही, शिवी देत नाही. त्याच्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नाही. अशा माणसाला नायक करायचं तर संशोधन वेगळं लागतं. टिळकांचा युक्तिवाद ग्रंथालयात मिळतो. पण दूध कोठून यायचं, कप कोण विसळायचं, उरलेला चहा कोण प्यायचं, या गोष्टी आठवणींच्या पुस्तकांतून, मिशनच्या अहवालांतून आणि जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडून तुकड्या-तुकड्याने गोळा कराव्या लागतात. आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त मजा त्यातच येते.

दुसरी मजा कायद्यांत आहे. हसू नका. ज्याला एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसाची गोष्ट लिहायची आहे, त्याने आधी दोन कायदे वाचावेत. पहिला १८५० चा. धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असं त्याने ठरवलं. म्हणजे घरच्यांनी मुलाच्या नावाने विधीपूर्वक घट फोडला, तो मेला असं समजून अंघोळ केली, तरी वाड्यातला त्याचा वाटा जिवंत राहतो. बापाने ज्याच्या नावाने पाणी सोडलं तोच मुलगा वाटणीसाठी कोर्टात उभा! दुसरा कायदा १८६६ चा, बाटलेल्यांच्या लग्नांचा. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने बायको नांदायला तयार नसेल, तर तो काडीमोडासाठी अर्ज करू शकतो. कोर्ट बायकोला बोलावून विचारतं, याच्याबरोबर राहणार का? ती नाही म्हणाली तरी न्यायाधीश लगेच निकाल देत नाही. प्रकरण एक वर्ष तहकूब करतो आणि वर्षाने पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

ते एक वर्ष! सरकारने कादंबरीकाराला आयतं दिलेलं वर्ष. या बारा महिन्यांत ती माहेरी आहे. तिच्या कपाळावरचं कुंकू राहणार की जाणार, यावर घरात रोज कुजबुज. हा बुधवार पेठेत भाड्याच्या खोलीत हात भाजत भाकरी करायला शिकतोय. अधूनमधून निरोप येतात, मध्यस्थ येतात. लक्ष्मीबाई टिळकांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, पण त्यांचे पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांचा स्वतःचा १९०० चा. मधल्या वर्षांविषयी त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त ज्या खट्याळ आणि घायाळ मराठीत लिहिलंय, त्यापुढे आम्हा कादंबरीकारांनी लेखणी ठेवून द्यावी. तरी आम्ही लिहितो.

तारखांबद्दल थोडक्यात सांगते, कारण नवे लेखक तिथे घाबरतात. वसई पडली ती पोर्तुगिजांच्या कागदांत १६ मे १७३९ ला. त्याच दिवशी मुंबईच्या इंग्रजांच्या वहीत ५ मे होती, कारण त्यांनी अजून जुनं कॅलेंडर सोडलं नव्हतं. मराठ्यांच्या पत्रात शुहूर सन तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे अरबी शब्दांत ११३९, आणि मृगसाल, म्हणजे मृगापासून धरलेलं ते वर्ष, बदलायला थोडेच दिवस उरलेले. वसईहून सोळा तारखेला निघालेलं पत्र मुंबईत सात तारखेला पोचू शकतं! कथानक आखताना मी भिंतीवर तीन रकान्यांचा कागद लावते, नाहीतर पात्रं मेल्यावर चार दिवसांनी जेवायला बसतात. प्रवासाचंही तसंच. १८५८ नंतर पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी होती, पण बोरघाटातून रूळ गेले ते १८६३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत तुमच्या पाद्रीसाहेबाला मुंबई गाठायची तर घाट पालखीने किंवा पायी उतरवा, खाली पुन्हा गाडीत बसवा. वाचकाला हे आवडतं. पाद्र्याला आवडत नसे.

मोडी मात्र शिका. पुराभिलेखागारात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडून समोर ठेवला जातो आणि पानावर शब्दांमध्ये फटच नसते. लेखणी न उचलता लिहिलेलं असतं. पहिल्यांदा काहीच कळत नाही. हळूहळू एखादं ‘फिरंगी’, एखादं ‘पादरी’ डोळ्यांना सापडायला लागतं आणि मग ती जागा सोडून घरी जावंसं वाटत नाही.

वाचक म्हणूनही मी या प्रकाराची भोक्ती आहे, पण दोन तऱ्हांची पुस्तकं मी अर्ध्यावर टाकते. एकीत ख्रिस्ती झालेला प्रत्येक जण देवदूत आणि गावातला भट खलनायक. दुसरीत प्रत्येक मिशनरी पिठाचं पोतं घेऊन दबा धरून बसलेला. दोन्हीकडे लेखकाला निकाल आधीच माहीत असतो आणि पात्रं नुसती साक्षीला बोलावलेली असतात. दुष्काळात पोतं होतं, हे खरं. पोतं संपल्यावरही चार पिढ्या रविवारी नारायण वामन टिळकांची पदं म्हणत राहिल्या, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टी एकाच घरात नांदवता आल्या पाहिजेत. नाशिकला नारोशंकराच्या देवळात वसईच्या चर्चमधली घंटा आहे, १७२१ सालची. ती वसईच्या लुटीतली, आणि तरीही देवळाची. लेखकाने त्यातली एकच बाजू धरली की मला कंटाळा येतो.

सध्या मी केडगावला अडकले आहे. म्हणजे लिखाणात, तसं दौंडच्या गाडीने जाते आणि संध्याकाळी परत येते. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक पक्कं करून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल असं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनचा छापखानाही बायकाच चालवत. जुलै १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ मध्ये. रमाबाईंवर पुष्कळांनी लिहिलंय. माझं लक्ष आहे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या बाईकडे. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून बऱ्याच मुली केडगावला आल्या. तशी एक मी घेतली आहे. घरची भाषा गुजराती, अक्षरओळख मराठी, आणि दिवसभर हातात येणारी अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी. तिला सुलट पान वाचायला वेळ लागतो, उलटं ती भराभर वाचते. रमाबाई गेल्यावरही तिच्यासमोर फर्मे, म्हणजे छापायची पानं, पडलेले आहेत आणि ते कोणालातरी पुरे करायचे आहेत.

माझी अडचण अशी, की ही बाई बोलतच नाही. तीन प्रकरणं झाली, ती नुसती खिळे उचलते आणि त्यांच्या खणांत परत टाकते. तिच्या तोंडी केडगावचं मराठी द्यावं तर ती माझ्या आजीसारखी बोलायला लागते, गुजराती हेल द्यावा तर नाटकातल्या शेटजीसारखी. गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदा कोणाला तरी हाक मारली, शेजारच्या जुळारणीला, शाई सांडली म्हणून. तेवढ्यावर मी पुढचं प्रकरण सुरू केलं आहे. आता तुमचे प्रश्न घेते.