खाण्यासाठीच काढलेला चेहरा

(दृश्य : स्वयंपाकघरातला ओटा. उकडून सोललेलं लाव्याचं अंडं. चिमट्याच्या टोकाशी एक काळा तीळ.)

या अंड्याचं पिल्लू करायचंय. टूथपिकच्या टोकानं आधी दोन बारीक भोकं पाडायची. मग चिमट्यानं एकेक तीळ उचलायचा आणि निमुळतं टोक आत जाईल असा खोचायचा. गाजराचा मिरीएवढा तुकडा चोचीच्या जागी बसवला की काम झालं. सगळी मेख आहे ती भोकं कुठे पाडायची यात. अंड्याच्या वरच्या भागात आणि जवळजवळ पाडली तर समोर एक वयस्क, जरा कठोर पक्षी उभा राहतो. तीच भोकं मधल्या रेषेच्या खाली आणली, एकमेकांपासून लांब नेली, की तळहातावर घ्यावंसं वाटणारं पिल्लू.

यामागचं कारण १९४३ साली कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं मांडलं होतं. मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय. ही तान्ह्या बाळाची ठेवण. ती कुठेही दिसली, अगदी माणसाच्या बाळात नसली, तरी आपल्याला जपावंसं वाटतं. जपानमधल्या बेन्तोच्या, म्हणजे सोबत न्यायच्या जेवणाच्या डब्यात, केकवर, पावावर जे चेहरे दिसतात ते सगळे याच मापानं काढलेले असतात. शाळेत जाणाऱ्या कुठल्याही जपानी मुलाला हे माप न शिकवता येतं. लहानपणापासून ते त्याच्या वहीवर, रुमालावर आणि ताटात असतं.

हिरोशिमा विद्यापीठात हिरोशी नित्तोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना चिमट्यानं नाजूक तुकडे कडेला धक्का न लागू देता उचलायचे होते. मध्येच काहींना कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांचे फोटो दाखवले, काहींना मोठ्या कुत्र्या-मांजरांचे. पिल्लं पाहून आलेल्यांचा हात जास्त सावध चालला. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो थेट या ओट्याशी येऊन पोचतो. गोंडस चेहरा करायला जी काळजी लागते, ती काळजी तो चेहराच आपल्याकडून घेववतो.

(दृश्य : पहाट. बालवाडीत जाणाऱ्या मुलाचा छोटा डबा. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेला भाताचा गोळा.)

क्याराबेन म्हणजे एखाद्या पात्राचा चेहरा असलेला डबा. त्यातला भात आपल्या मोकळ्या भातासारखा नसतो. जपानी तांदूळ शिजल्यावर चिकटतो, म्हणून त्याचं डोकं वळता येतं, कान चिकटवता येतात. सोया सॉस मिसळला की अस्वल, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून घातला की कोंबडीचं पिल्लू, माशाचा गोड गुलाबी भुगा घातला की डुकराचं पिल्लू. गालांसाठी स्ट्रॉचं तोंड हॅमच्या चकतीत दाबायचं. नेमका गालाएवढा गोल निघतो.

डोळे-भुवया नोरीच्या, म्हणजे समुद्रशैवालाच्या वाळवलेल्या कागदी पापुद्र्याच्या. आणि नोरी दगा देते. भाताची वाफ लागली की ती आक्रसते, आणि सकाळी हसणारं अस्वल दुपारी डबा उघडेपर्यंत कपाळाला आठ्या घालून बसतं. यावरचा तोडगा घराघरांत ठाऊक आहे : नोरी चीजच्या पातळ चकतीवर ठेवायची, दोन्ही मिळून कापायचं आणि मग चेहऱ्यावर लावायचं. चीज नोरीला ताणून धरतं. कान किंवा नाक जोडायला टूथपिक वापरत नाहीत, लहान मूल ते गिळेल. त्याऐवजी कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा खुपसतात. सकाळी तो काडीसारखा कडक असतो, जेवणाच्या वेळेपर्यंत आजूबाजूचा ओलावा पिऊन मऊ होतो आणि बिनबोभाट खाल्ला जातो. इतका साधा आणि इतका विचार करून शोधलेला उपाय मी स्वयंपाकात क्वचितच पाहिला आहे.

पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हा नियम मात्र सगळ्यांत कडक. आतली वाफ पाणी होऊन टपकली तर चित्र बिघडतंच, पण अन्नही नासतं. जून महिन्यातल्या पावसाळी, दमट दिवसांत डब्यासोबत बर्फाची छोटी पिशवी जाते.

(दृश्य : मिठाईचं दुकान. कारागिराच्या तळहातावर पांढऱ्या-गुलाबी पिठीचा गोळा आणि लहान कात्री.)

खाण्याच्या पदार्थाला रूप देणं जपानला कार्टूननं शिकवलं असं समजायचं कारण नाही. चहाच्या समारंभात दिली जाणारी नेरिकिरी ही मिठाई पहा. पांढरा घेवडा शिजवून, गाळून, साखरेत आटवलेला लगदा, त्यात चिकट तांदळाच्या पिठाची थोडी जोड. हा गोळा तळहातावर धरून कारागीर कात्रीच्या टोकानं शेवंती कापतो. मधल्या खळग्याभोवती पाकळ्यांची पहिली ओळ, मग बाहेरची ओळ दोन पाकळ्यांच्या फटीत येईल अशी, मग त्याबाहेरची. एक पाकळी तुटली तर ती पुन्हा जोडता येत नाही.

शरद ऋतूत, चंद्र पाहायच्या पौर्णिमेला, दुकानांत ससे येतात. किसलेल्या रानकंदात तांदळाचं पीठ मिसळून केलेल्या आवरणात गोड सारण, वाफवलेला लांबट पांढरा बन. त्यावर तापलेल्या सळईनं कानांचे दोन डाग आणि लाल रंगाचे दोन ठिपके. बस, एवढाच ससा.

चंद्रावरचा ससा आपल्यालाही ठाऊक आहे. तो जपानला पोचला तो इथूनच, बौद्ध कथांबरोबर. जातकातली गोष्ट अशी : भुकेल्या याचकाच्या रूपात इंद्र आला. बाकीच्या प्राण्यांनी काहीबाही आणून दिलं. सशाकडे देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःलाच आगीत झोकून दिलं. इंद्रानं त्याचं चित्र चंद्रावर काढून ठेवलं. ही कथा जपानमध्ये कोन्जाकू मोनोगातारीशू या जुन्या कथासंग्रहात आली आहे. म्हणजे ज्यानं स्वतःला जेवण म्हणून देऊ केलं, त्याचाच आकार त्या रात्री मिठाईला दिला जातो. मिठाई घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट आठवते असं नाही, पण या विषयात मला सर्वांत आत नेणारी गोष्ट हीच वाटते. कारण जपानमधल्या मुलांचा सगळ्यांत लाडका चेहराही स्वतःला खाऊ घालणारा आहे.

(दृश्य : तोक्योतला गिन्झा भाग. पावाच्या दुकानाची काच. मधोमध खळगा असलेले गोल, तकतकीत पाव.)

आनपान म्हणजे लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड सारण भरलेला पाव. सारण आपल्या पुरणाच्या जवळचं. किमुराया या बेकरीनं तो १८७४ साली तयार केला. पाव हा परदेशी पदार्थ तेव्हा लोकांच्या जिभेवर बसत नव्हता. बेकरीनं पीठ आंबवायला साके दारूसाठी वापरतात तसलं तांदळाचं विरजण घेतलं आणि आत ओळखीचं गोड भरलं. ४ एप्रिल १८७५ रोजी तो सम्राट मेइजी यांच्यापुढे ठेवला गेला. त्या पावाच्या खळग्यात मिठात मुरवलेलं चेरीचं फूल होतं. आजही तो प्रकार मिळतो. गोड सारणात ते एक खारट फूल दाताखाली येतं तेव्हा सगळी चव उजळते.

पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, ताकाशी यानासे यांनी लहान मुलांसाठी आनपानमान आणला. डोकं आनपानचं, अंगावर झगा, उडणारा. कुणी भुकेलेला दिसला की तो आपल्या डोक्याचा तुकडा तोडून खायला देतो. डोकं कमी झालं की त्याची ताकद जाते. मग जॅमकाका नवं डोकं भाजून देतात.

यानासे १९१९ साली जन्मले. युद्धात त्यांना सैनिक म्हणून चीनमध्ये पाठवलं होतं. तिथे त्यांनी उपासमार सोसली, त्यांचा धाकटा भाऊ युद्धात गेला. युद्ध संपलं आणि कालपर्यंतचा न्याय एका रात्रीत अन्याय ठरला. कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी न बदलणारं चांगलं काम त्यांना एकच दिसलं : भुकेल्याला खायला देणं. पुस्तक आलं तेव्हा मोठी माणसं बिचकली. चेहरा खायला देणारा नायक त्यांना क्रूर वाटला. बालवाडीतली मुलं मात्र तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागत राहिली. १९८८ पासून तो टीव्हीवर आहे. योकोहामातल्या आनपानमान संग्रहालयात जॅमकाकांची बेकरी आहे. तिथे पात्रांच्या चेहऱ्यांचे पाव मिळतात. दोन-तीन वर्षांची मुलं ते दोन्ही हातांत धरतात आणि जराही न अडखळता गालाचा लचका तोडतात. आपण मोठे लोक म्हणतो, 'इतकं गोड आहे, कसं खाऊ?' त्या मुलांना हा प्रश्न पडत नाही. हा चेहरा दिलाच गेलाय खायला, हे त्यांना गोष्टीतून आधीच कळलेलं असतं.

(दृश्य : बर्फाच्या पाण्यात ठेवलेलं भांडं, त्यात फेटलं जाणारं क्रीम.)

आता केककडे येऊ. जपानमध्ये ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास, पण ख्रिसमसचा केक घरोघरी. योकोहामात १९१० साली सुरू झालेल्या फुजिया या दुकानानं तो त्याच वर्षी विकायला आणला. आधी वरचा थर लोण्याच्या क्रीमचा असे. युद्धानंतर दुकानांत थंड काचपेट्या आल्या आणि ताज्या दुधाच्या क्रीमचा, वर स्ट्रॉबेरी लावलेला पांढराशुभ्र केक रुळला. लाडक्या पात्रांचे केक याच सवयीवर उभे राहिले, म्हणून त्यांचं अंगही मऊ असतं. साखरेच्या लगद्याची पोळी लाटून केक झाकायची आणि त्यातूनच बाहुल्या घडवायच्या, ही वेगळी पद्धत. तिचे केक दिवसेंदिवस टिकतात. क्रीमचं अस्वल तासाभरात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे.

त्या अस्वलाचा घुमट स्पंज केकचा. केस चांदणीच्या नोझलनं पाडतात, आणि ते तळापासून वर चढत जातात, म्हणजे वरचा झुबका खालच्यावर पडतो, खऱ्या फरसारखा. क्रीम भांड्याखाली बर्फ ठेवूनच फेटायचं. थोडं कमी फेटलं तर अस्वलाचं पुढे आलेलं नाक-तोंड घरंगळतं. थोडं जास्त फेटलं तर क्रीम दाणेदार होतं, लोणी सुटायला लागतं, आणि मग केस विस्कटलेले दिसतात. रंगासाठी कोको, माचा चहाची पूड, सुकवलेल्या स्ट्रॉबेरीची पूड, जांभळं रताळं. हे रंग भडक नसतात, आणि चव घेऊन येतात.

(दृश्य : बटर पेपर. खाली छापील चित्र, वर बारीक टोकाची चॉकलेटची पिशवी.)

सगळ्यांत गुंगवून टाकणारं काम चॉकलेटच्या चित्राचं. चित्रावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यावर वितळलेल्या चॉकलेटनं गिरवायचं. पण हे सगळं उलट्या क्रमानं. कागदाला टेकलेली बाजू शेवटी दर्शनी होणार, म्हणून जे सर्वांत वर दिसायला हवं ते सर्वांत आधी काढायचं. डोळ्यातला चमकीचा पांढरा ठिपका पहिला. तो घट्ट झाला की त्यावर काळं बुबुळ. मग बाह्यरेषा, मग गालांची लाली, आणि सगळ्यात शेवटी संपूर्ण चेहऱ्याचा रंग, पाठीमागून ओतलेला. काढणाऱ्याला तेव्हा फक्त एक ओबडधोबड चॉकलेटचा डाग दिसत असतो. फ्रीजमधून काढून, उलटा करून कागद सोलला, की दोन डोळे वर बघतात.

हीच रीत रोल केकच्या नक्षीलाही लागते. बटर पेपरवर रंगीत पिठानं चित्र काढायचं, ते ओव्हनमध्ये मिनिटभर धरून घट्ट करायचं आणि वरून साधं पीठ ओतून भाजायचं. उलटल्यावर नक्षी केकच्या अंगातच उतरलेली असते, वरून चिकटवलेलं काही नसतं. डावं-उजवं मात्र बदलतं, त्यामुळे मुलाचं नाव घालायचं तर ते आरशातल्यासारखं लिहावं लागतं.

(दृश्य : बालवाडीचं फाटक. टोप्या घातलेली मुलं, पाठीवर दप्तरं.)

या गोडव्याची एक बाजू जड आहे, आणि ती दाखवल्याशिवाय हा माहितीपट पुरा होत नाही. डबा करते ती बहुतेक वेळा आई. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन अ‍ॅलिसन यांचा मुलगा जपानी बालवाडीत होता. त्या अनुभवावर त्यांनी १९९१ साली लिहिलं की डब्यावरून आईची पारख होते आणि तो पूर्ण संपवण्यावरून मुलाची. प्राथमिक शाळेत गेलं की बहुतेक मुलांना शाळेचंच जेवण मिळतं, त्यामुळे हा सगळा भार बालवाडीच्या वर्षांवर येतो. काही बालवाड्यांनी क्याराबेनला मनाई केली. शेजारच्या डब्यात पांडा आणि आपल्या डब्यात साधा भात पाहून मूल हिरमुसतं, आणि हातानं इतका वेळ हाताळलेलं अन्न लवकर बिघडू शकतं, ही त्यांची कारणं. मला दोन्ही पटतात. प्रेमानं केलेलं काम सक्तीचं झालं की त्यातला आनंद आधी करणाऱ्याचा जातो.

पण बऱ्याच घरांनी यातून आपली वाट केव्हाच काढली आहे. रोजच्या डब्यात एकच गंमत असते : लाल सालीचं छोटं सॉसेज, खालच्या अर्ध्या भागाला सुरीनं उभे काप देऊन त्याचे सहा किंवा आठ पाय केलेले. तव्यावर टाकलं की बाहेरची साल उष्णतेनं आकसते आणि पाय बाहेरच्या बाजूला वळतात. दोन मिनिटांत ऑक्टोपस उभा राहतो. डोळे लावायला वेळ मिळाला तर लावतात.