कागद नंतर, नाक आधी

"डॉक्टर, जातिवंत घेऊ की क्रॉस? क्रॉस दणकट असतात म्हणे." दवाखान्यात हे विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं असतं. ते देता येत नाही, म्हणून तर आज तुमच्यासमोर उभा आहे.

ज्यांना आपण आज ब्रीड म्हणतो, त्यांतल्या बहुतेकांची बांधणी एकोणिसाव्या शतकात झाली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला 1859 साली कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, 1873 साली कुत्र्यांच्या ब्रीडची नोंद ठेवणारी संस्था, केनेल क्लब, निघाली, आणि मग नोंदवह्या बंद झाल्या. म्हणजे नोंदलेल्या आईबापांची पिल्लं तेवढी नोंदवायची, बाहेरचं रक्त नाही. त्यात एखादा नर बक्षीस घेऊन आला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2021 मध्ये 227 ब्रीडच्या जनुकांचा हिशेब मांडला. सरासरी अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जोड्यांचं प्रमाण, 25 टक्क्यांच्या आसपास निघालं. सख्ख्या भावंडांच्या मीलनातून झालेल्या पिल्लाचा आकडा एवढाच येतो.

असं झालं की लपलेले दोष वर येतात. बरेचसे आनुवंशिक आजार सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसतात. घरातल्या घरात जोड्या लावल्या की ते दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. पांढऱ्या अंगावर ठिपके असलेल्या डाल्मेशियनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. या ब्रीडमध्ये युरिक ॲसिड हाताळणारं जनुक सरसकट बिघडलेलं होतं. चांगलं रूप ब्रीडमध्ये उरलंच नव्हतं. त्यामुळे मूतखडे होतात आणि नराची लघवी अडकली तर जिवावर बेततं. रॉबर्ट शायबल या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकदा, फक्त एकदाच, पॉइंटर या दुसऱ्या ब्रीडशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. ठिपके तेच राहिले, दोष गेला. तरी त्या कुत्र्यांच्या वंशाला अमेरिकन केनेल क्लबने दार उघडलं ते 2011 मध्ये. रक्ताच्या शुद्धतेचा हट्ट इतका चिवट असतो.

हे ऐकून "मग क्रॉसच बरा" असं म्हणणाऱ्यांसाठी डेव्हिसचाच दुसरा अभ्यास सांगतो, 2013 चा. त्यांनी रुग्णालयातल्या पंधरा वर्षांच्या नोंदी घेऊन 24 आनुवंशिक आजार तपासले. दहा आजार जातिवंतांत जास्त आढळले: हृदयाचा स्नायू कमकुवत होणं, थायरॉइड मंदावणं, पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकणं वगैरे. गुडघ्याची दोरी तुटणं मिश्र कुत्र्यांत जास्त. उरलेल्या तेरा आजारांत फरकच नाही, आणि त्यांत हिप डिसप्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आहे, काही कर्करोगही आहेत. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर, म्हणजे लॅब, यांचं पिल्लू घेतलं, आता खुब्याची काळजी मिटली, असं समजणारे मालक मला नेहमी भेटतात. दोन्ही बाजूंना तीच दुखणी असतील तर संकर काय करणार? लॅब्राडूडलचंही तेच. लॅब आणि पूडल, दोघांतही हळूहळू आंधळेपणा आणणारं एकच सदोष जनुक फिरतं. आईबापांची तपासणी नसेल तर महागडं नाव घेऊनही पिल्लू ते घेऊन येऊ शकतं.

आता मुंबईचं बोलू. इथे मी ब्रीडच्या आधी नाक पाहतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो ओल्या श्वासमार्गातून उष्णता बाहेर टाकतो. मे महिन्यात आपली हवा इतकी दमट असते की हे काम चांगल्या लांब तोंडाच्या कुत्र्यालाही जड जातं. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकपुडी चिंचोळी, टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबणारा. घोरण्याला आपण गोड म्हणतो. ते अनेकदा श्वास अडकत असल्याचं लक्षण असतं. इथे पग आणि शिह त्झूचा क्रॉस काही सुधारत नाही, कारण दोन्हीकडे तोंड चपटंच. पग आणि गावठी यांच्या पिल्लाचं नाक मात्र जरा लांब येतं, आणि तेवढ्याने फरक पडतो.

लॅब हा मुंबईचा लाडका. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक भागल्याची जाणीव बिघडवणारा जनुकीय बदल असतो. त्यात ताटातला पोळीचा तुकडा टाकणाऱ्या आजी, फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स, आणि आधीच कमजोर खुबे. लिफ्ट बंद पडली की पस्तीस किलोंचा कुत्रा चार मजले कोण उचलणार, हा प्रश्न पिल्लू घेताना कुणी विचारत नाही.

आणि आपला गावठी, ज्याला आता इंडी म्हणतात? त्याची चण माणसाने दिसण्यासाठी घडवलेली नाही, म्हणून रचनेचे आजार कमी. मला विचाराल तर या शहरासाठी माझं पहिलं मत त्याला. पण तो आजारी पडतच नाही हा समज घातक आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे आजार, गोचिडांतून येणारा ताप, रेबीज यांना जात कळत नाही. पावसाळ्यात हिंदमाताला किंवा शीवला पाणी तुंबलं की उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, माणसांतही. गावठी म्हणून लेप्टोची लस टाळू नका.

केसीआय, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, यांच्या कागदाबद्दल एवढंच, की त्यावर वंशावळ असते. पत्रिका जुळली म्हणून कुणाचं हृदय तपासलेलं नसतं. डॉबरमन घेत असाल तर आईबापांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मागा, शेफर्ड किंवा लॅब असेल तर खुब्यांचा एक्स-रे. बहुतेक विक्रेते यावर तुमच्याकडे वेड्यासारखं पाहतील. तेही एक उत्तरच आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाप दुसऱ्या गावाला असू शकतो, पण आठ आठवड्यांच्या पिल्लाची आई "गावी गेली आहे" असं कुणी सांगितलं, तर तिथून निघा.