दहा हजार फेरे

(पडद्यावर : सांगलीतलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. भिंतीला टेकलेल्या पाणबुडी मोटरी, जमिनीवर जळक्या तारांचा ढीग.)

आपल्या जिल्ह्यात मोटर जळली म्हणून कुणी ती टाकून देत नाही. भरायला टाकतात. जुनी तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून वाळवायचं, आणि ऊस वाळायच्या आत मोटर परत विहिरीत.

२०१९च्या पुरानंतर अशाच एका दुकानात एक बेस गिटार आली, म्हणजे खालचे जाड सूर देणारी चार तारांची गिटार.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी होती ४५ फूट आणि कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. गावभाग या वस्तीतल्या एका घरात ही गिटार खाटेखाली होती. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, गिटार राहिली. पाणी उतरल्यावर कव्हर उघडलं तेव्हा आत चिखल होता.

तिचा मालक ऑर्केस्ट्रात वाजवतो. लग्नं, यात्रा, गणपती. गायकावर फोकस असतो, ढोलकीला टाळ्या पडतात. बेसवाल्याचं नावही कुणी विचारत नाही. पण तो दोन मात्रा थांबला, तर नाचणाऱ्याचे पाय अडखळतात.

गिटार सावलीत चार महिने वाळली. तारा नव्या घातल्या, वायर जोडली, आवाज शून्य. मल्टिमीटर लावला, तर पिकअप ओपन, म्हणजे आतली तार कुठंतरी तुटलेली. एका दुकानात त्याला सांगितलं, आता ही भंगारात घाला. तो ती मोटरवाल्या मामांकडे घेऊन आला, कारण त्याच्या ओळखीत तांब्याची तार भरणारा तेवढाच एक माणूस होता.

(पडद्यावर : मामांच्या तळहातावर उघडलेला पिकअप. चार चुंबकी खांब, भोवती हिरवट पडलेली तार.)

पिकअप म्हणजे काय, हे मामांना समजावायला फार वेळ लागला नाही. सायकलचा डायनमो त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. चुंबक असतं, भोवती तारेचं वेटोळं असतं. वर लोखंडाची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उठते. फॅरडेनं १८३१ साली हेच दाखवलं. मोटरीत वीज घातली की फिरणं मिळतं. इथं थरथर घातली की वीज मिळते.

अडलं ते तारेपाशी.

"एवढी बारीक तार? मोटरीला न्हाई लागत ओ."

ही तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसाइतकी. आपल्याकडच्या मापात ४६ गेज. मामांकडे सगळ्यात बारीक होती ती याच्या दुप्पट जाड. पहिल्यांदा त्यांनी तीच भरली. बॉबिन लवकर भरून गेलं, फेरे निम्म्याहून कमी बसले, आणि आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा आला. फेरे कमी म्हणजे वीज कमी. मग पुण्याहून ४६ गेजची रीळ मागवली.

इथं या गिटारच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली. तारा खाली जिथं टेकतात त्या पुलापासून वर जिथं टेकतात त्या नटापर्यंत तार ३४ इंच. उभ्या डबल बेसवर सूर बोटानं शोधावा लागे, इथं धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, सूर नेमका पकडून देत होत्या. म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ साली तिचा पिकअप बदलला आणि एकाच्या जागी दोन तुकडे आले. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. आज जगभर ज्या स्वस्त नकला विकल्या जातात, त्यांतल्या कितीतरी याच मांडणीच्या असतात. गावभागातली ही गिटारही त्यातलीच.

दोन तुकडे कशासाठी? भणभण मारण्यासाठी.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. मांडवात जनरेटर, हॅलोजन, डिमर, एलईडीचा पडदा, सगळ्यांतून ती हवेत सांडत असते आणि पिकअपचं वेटोळं ती झेलतं. आता बघा, बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की जो सूर मिळतो, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे भणभण नेमकी बेसच्या घरात येऊन बसते. टोनचा खटका फिरवून ती जात नाही, कारण टोन वरचे सूर कापतो आणि ही खाली असते. ती कापायला गेलात तर बेसच कापली जाईल.

म्हणून युक्ती अशी. दोन्ही वेटोळी जोडताना एकाची दिशा उलटी ठेवायची, आणि त्याच्या चुंबकाची बाजूही उलटी. हवेतून आलेली भणभण एकात सुलटी, दुसऱ्यात उलटी उठते आणि दोन्ही मिळून शून्य होतात. तारेचा आवाज मात्र दोन उलट्यांमुळे सुलटाच राहतो.

(पडद्यावर : पंख्याची कॉईल भरायचं हातमशीन. काट्याचा काउंटर सरकतो. चिमटीत नमद्याचा तुकडा, त्यातून तार जाते.)

एका वेटोळ्याला सुमारे १०,००० फेरे. दोन्ही धरून तार जवळपास दोन किलोमीटर. मोटर भरणाऱ्या हाताला तार ओढून बसवायची सवय असते. ही तार ओढली की तुटते. पहिली तुटली तीन हजारांवर, दुसरी साडेसातवर. तुटली की सगळं उपसून पुन्हा एकपासून. मामांच्या वयाच्या माणसानं चष्मा पुसत तिसऱ्यांदा काउंटर शून्यावर आणलेला आम्ही पाहिला, आणि त्या दिवसापासून पिकअपच्या किमतीवर कुरकुर करणं मी सोडलं.

जुनी तार कुठं खाल्ली गेली होती, हेही त्यांनीच शोधलं. सगळ्यात आतल्या थरात, जिथं ती थेट चुंबकाला चिकटली होती. ओल शिरली, गंज चढला, तार कुरतडली गेली. या वेळी त्यांनी आधी चुंबकांवर पातळ टेपचा एक थर दिला, मग तार. वरून मेण. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण, पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, आणि मेण ६५ अंशांच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. मेण आत मुरलं की वेटोळं घट्ट होतं, मोठ्या आवाजात शीळ घालत नाही. थेट जाळावर मेण ठेवू नका, पेट घेतं.

मल्टिमीटरवर साडेदहा किलोओहम आले. गिटार जोडली आणि स्पीकर असा भणभणला की मामा दचकले.

चूक सापडायला एक अख्खी दुपार गेली. एका वेटोळ्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. गंमत म्हणजे सूर अगदी ठणठणीत येत होता, कारण प्रत्येक तार एकाच वेटोळ्यावरून जाते. फक्त भणभण मरायची ती दुप्पट झाली होती. दोन टाके सोडवले, अदलाबदल केली, पुन्हा डाग दिला. काम झालं.

बाकीचं भराभर सांगतो. व्हॉल्यूम-टोनचे पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते रेझिस्टर, गंजले होते, २५० किलोओहमचे नवे लावले. टोनला ४७ नॅनोफॅरडचा साधा कपॅसिटर. महागड्या तेलकागदी कपॅसिटरवर पैसे घालू नका, मांडवात तो फरक कुणाच्या कानाला लागत नाही. पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली. नऊ व्होल्टची बॅटरी लागणारा प्रीअँप, म्हणजे गिटारच्या आतच आवाज वाढवणारं सर्किट, त्यानं घेतला नाही, मला ते पटलं. आणि पिकअपची उंची स्क्रूड्रायव्हरनं फुकट बदलते, ते आधी करून बघा. फार वर घेतला तर चुंबक जाड तारेला ओढतं आणि सूर डगमगतो.

अर्थिंगचं मात्र थांबून सांगतो. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. मांडवात अर्थ नसेल, अँपला गळती असेल, आणि एक हात तारेवर असताना ओठ माईकला लागले, तर झटका जीव घेऊ शकतो. टेस्टर खिशात ठेवा. माईकला आधी टेस्टर लावा, मग तोंड न्या.

(पडद्यावर : मिरज. सतारमेकर गल्ली. उंबऱ्यात वाळत टाकलेले भोपळे.)

फ्रेट राहिले होते. गंजून खड्डे पडलेले, काही उचकटलेले. त्यासाठी गिटार मिरजेला आली.

मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब सतारीकडे वळले, तिथून ही परंपरा मोजतात. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

गल्लीतल्या एका सतारमेकर चाचांनी बेस आडवी धरली, एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे दांडीवरून, नजर टाकली. "पट्ट्या बसवू नका. काढून टाकू."

सगळे फ्रेट निघाले. खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या भरल्या, कानस, मग पॉलिश पेपर. तानपुऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा असा घासतात की तार त्यावर एका बिंदूवर न टेकता सरपटत टेकते. त्या सरपटण्यातून तो भरलेला झंकार येतो. फ्रेट नसलेल्या बेसवर तार लाकडाला अशीच अलगद चाटते आणि सूर उशिरा उमलतो. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसनं असंच केलं होतं, आणि खरबरीत तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून होडीला लावतात ते इपॉक्सी फासलं होतं. इथं सपाट गुंडाळीच्या तारा लावल्या, म्हणून लाकूड उघडंच ठेवता आलं.

चाचांनी बेस याआधी कधी हातात घेतली नव्हती. नटाच्या खाचा त्यांनी माप न लावता कापल्या. तार छेडायची, कान द्यायचा, कानस दोनदा फिरवायची, परत छेडायची. चौथ्या तारेला मात्र ते बराच वेळ अडले. मग मान हलली आणि गिटार परत दिली.

(पडद्यावर : हरिपूरच्या वाटेवरचा मांडव. संध्याकाळ. मागं जनरेटर सुरू.)

साउंड टेस्टला मामा मुद्दाम आले होते. गिटार जोडली गेली, अँपचा लाल दिवा लागला. मामा सरळ स्पीकरजवळ गेले, वाकले, जाळीला कान लावला. डोक्यावर हॅलोजन, मागं एलईडीचा पडदा.

बराच वेळ त्यांनी कान तसाच ठेवला. मग वळून विचारलं, "चालू हाय न्हवं?"

त्यानं जाड तार छेडली.