गॅरिबाल्डी: माणसं मोजू नका, काडतुसं मोजा!

नमस्कार मंडळी. आधी कमेंटमधला घोळ मिटवू: काहीजण गॅरिबाल्डी आणि मॅझिनी या इटलीच्या एकीकरणासाठी झटलेल्या दोघांची गल्लत करतात. सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणला तो मॅझिनी. तो लेखणीवाला, हा बंदूकवाला. झालं.

गॅरिबाल्डी १८०७ चा, नीसचा, पेशाने खलाशी. १८३४ चा उठाव फसला, गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला गेला, मग दक्षिण अमेरिकेत बारा वर्षं लढाया. हे कुठेही वाचायला मिळतं, पुढे चला.

गाडी अडते ती मे १८६० मध्ये, जेव्हा गॅरिबाल्डी हजारेक स्वयंसेवक घेऊन नेपल्सच्या राजाच्या ताब्यातलं सिसिली बेट घ्यायला निघाला. "हजार लाल सदरेवाल्यांनी सिसिली कशी घेतली हो?" पहिलं म्हणजे सगळे लाल सदऱ्यात नव्हतेच. वकील, डॉक्टर, विद्यार्थी. बहुतेक आपापल्या रोजच्या कपड्यांत. आणि दुसरं, माणसं कसली मोजताय? काडतुसं मोजा!

जेनोवाजवळच्या क्वार्तोहून पिएमोंते आणि लोम्बार्दो या दोन आगबोटी निघाल्या. दारूगोळ्याच्या होड्या भरसमुद्रात येऊन मिळणार होत्या. चुकामूक झाली. बंदुका गंजक्या, आणि त्यात भरायला काही नाही. म्हणजे हातात काय उरलं? दांडकं.

म्हणून ७ मे, तालामोने, वाटेतलं इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. "वाटेत थांबले" असं एका ओळीत उरकतात ना, त्याचाच राग येतो. थांबले नाहीत, थांबावं लागलं! गॅरिबाल्डीने पिएमोंतच्या (उत्तर इटलीतलं राज्य, तालामोने तेव्हा त्याच्याच ताब्यात) जनरलचा गणवेश चढवला, म्हणजे हा तिथल्या राजाचाच माणूस वाटावा. जवळच्या ओर्बेतेल्लोच्या किल्ल्यातून काडतुसं आणि काही जुन्या तोफा निघाल्या. हा थांबा नसता तर ११ मे ला सिसिलीतल्या मार्सालाला उतरून करायचं काय होतं?

उतरतानाही नशीब बघा. नेपल्सच्या राजाच्या युद्धनौका उशिरा पोचल्या, बंदरात ब्रिटिश जहाजं उभी, म्हणून तोफा डागायला नेपल्सवाले कचरले. तोवर बहुतेक माणसं धक्क्यावर.

तरी काडतुसं तुटपुंजीच. १५ मे ला कालाताफिमीच्या टेकडीवर नेपल्सची फौज समोर आली, तेव्हा म्हणून तर हुकूम असा की गोळी जपून, संगीन लावून चढा. टेकडीवर शेतांचे पायऱ्यापायऱ्यांचे बांध. एका बांधाआड दम घ्यायचा, मग एकदम वरच्या बांधावर धाव. अगदी वरच्या टप्प्याला शत्रू दगड फेकायला लागला. एक दगड गॅरिबाल्डीच्या पाठीत बसला आणि तो काय समजायचं ते समजला: वरच्यांचीही काडतुसं संपली. चढा!