टाका कोणाच्या हाती?

मित्रहो, सर्जरीतले मार्गदर्शन म्हटले की कोणती फेलोशिप घ्यावी, कोणता शोधनिबंध लिहावा, असे सल्ले आठवतात. ते हवेतच. पण सर्जन घडतो ऑपरेशन टेबलापाशी, आणि तिथे कोणता टप्पा कोणाला मिळाला हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. मग वरिष्ठांना आपल्यासारखा वाटतो त्याला विच्छेदन (ऊती अलगद सुट्या करण्याचे मुख्य काम) मिळते, बाकीच्यांच्या हाती दुर्बिणीचा कॅमेरा राहतो. यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

दुर्बिणीने पित्ताशय काढताना अख्खी शस्त्रक्रिया एकाला देण्याऐवजी तिचे टप्पे पाडा: पोर्ट (साधने आत नेण्याच्या नळ्या) घालणे, कॅलॉट त्रिकोणाचे (पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी जिथे असते त्या भागाचे) विच्छेदन, ती नळी व रक्तवाहिनी बंद करणाऱ्या क्लिप लावणे, यकृतापासून पित्ताशय सोडवणे. कोण काय करणार ते हात धुण्याआधी ठरवा. क्लिप लावण्यापूर्वी शिकणाऱ्याने तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात: त्रिकोणातली चरबी व तंतू साफ झाले, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटला, आणि पित्ताशयात फक्त दोनच रचना, म्हणजे ती नळी व ती रक्तवाहिनी, शिरताना दिसतात. वरिष्ठ साधन कधी हाती घेणार, हेही आधीच बोलून ठेवा: रक्तस्रावाने दृश्य झाकले किंवा रचना ओळखू येईना, तर. शिकणारी क्षणभर विचार करायला थांबली म्हणून नव्हे. अडचण निवारली की साधन परत तिच्याच हाती द्यावे. बहुतेक ठिकाणी नेमके हेच राहून जाते.

प्रत्येक टप्प्यापुढे नोंद करा: वरिष्ठांनी करून दाखवले, सक्रिय मदत केली, नुसती साथ दिली, की केवळ देखरेख ठेवली. दर तीन महिन्यांनी सगळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा. त्याच वर्षाची एक निवासी डॉक्टर अजून पहिल्याच पातळीवर असेल, तर तिच्या कौशल्याबद्दल मत बनवण्याआधी तिला संधी किती मिळाल्या ते मोजा.

साधनांचेही तसेच. डावखुऱ्याने नेहमीची कात्री धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि ऊती कापण्याऐवजी चेपते. नीडल होल्डरची (सुई धरण्याच्या चिमट्याची) खिटीही त्याला उलट्या दिशेने सोडवावी लागते. याला अनाडीपणा म्हणणे अन्याय आहे. टेबल उंच असेल तर बुटक्या सर्जनला खांदे उचलून काम करावे लागते आणि हात थरथरतात. साधनांच्या मुठी कोपराच्या पातळीला याव्यात. स्टूल दिले तर डायथर्मीचे (विजेच्या उष्णतेने ऊती कापणाऱ्या व रक्त थांबवणाऱ्या यंत्राचे) पेडलही त्याच उंचीवर ठेवा.

मग येतो श्रेयाचा प्रश्न. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी निळ्या बाळावर (जन्मजात हृदयदोषामुळे प्राणवायू कमी पडून निळसर पडलेल्या बाळावर) पहिली शंट शस्त्रक्रिया, म्हणजे फुफ्फुसांकडे जास्त रक्त नेणारी जोडणी, केली. ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत विकसित करणारे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून मार्गदर्शन करत होते. १९४५च्या शोधनिबंधावर नावे होती ब्लेलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. थॉमस यांना विद्यापीठाची मानद पदवी मिळाली १९७६ मध्ये. म्हणून लेखकांची नावे आणि क्रम काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवा, आणि काम बदलले तर सर्वांसमोर पुन्हा ठरवा.