अठ्ठावन्न किलो, पण कशाचे?

सुरुवात घरच्या गोष्टीने करते. माझ्या आईचं वजन मी दर महिन्याला एका वहीत लिहून ठेवत असे. वयाच्या ७४व्या वर्षापासून ७६व्यापर्यंत आकडा ५८ किलोच्या आसपास राहिला आणि मी निर्धास्त होते. मग एका दुपारी ती खुर्चीतून उठताना माझं लक्ष गेलं. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले, अंग पुढे झोकलं आणि दुसऱ्या प्रयत्नात उठली. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. जे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, ते माझ्याच घरात दोन वर्षं घडत होतं आणि मला दिसलं नाही. मांड्यांमधला स्नायू झिजत गेला, तितकीच चरबी पोटात साठत गेली, आणि वजनकाट्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

म्हणून आजचा विषय घेतला आहे. शरीर कशाकशाचं किती बनलंय, म्हणजे ज्याला बॉडी कॉम्पोझिशन म्हणतात, ते मोजतात कसं आणि त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा.

आपल्याला सगळ्यात ओळखीचा आकडा बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र अॅडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, १८३०च्या दशकातलं. केटले मूळचे खगोल अभ्यासणारे. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचं होतं, आणि मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्यांना आढळलं. लठ्ठपणा किंवा आजार हा त्यांचा विषयच नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. हजारो लोकांच्या समूहाची तुलना करायला हा आकडा चांगला आहे आणि फुकट मिळतो. पण समोर बसलेल्या एका माणसाच्या आत काय आहे, हे सांगण्यासाठी तो घडवलेलाच नाही.

याचा पहिला ठोस पुरावा १९४२ साली अमेरिकी नौदलातल्या अल्बर्ट बेन्के यांनी दिला. त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू तपासले. उंची-वजनाच्या तक्त्यांप्रमाणे त्यातले बरेचजण जाड, म्हणून सैनिकी सेवेला अयोग्य ठरत होते. बेन्केंनी त्यांचं पाण्याखाली वजन केलं, त्यावरून शरीराची घनता काढली, आणि दिसलं की ते वजन चरबीचं नव्हतंच, स्नायूंचं होतं.

पाण्याखालच्या या मोजमापावर थोडं थांबते, कारण पुढच्या कितीतरी पद्धती याच पद्धतीशी ताडून पाहिल्या गेल्या. चरबीची घनता एका घनसेंटिमीटरला साधारण ०.९ ग्रॅम, आणि चरबी सोडून उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम. एकूण घनता कळली की मिश्रणात कोण किती, हे गणिताने निघतं. विल्यम सिरी यांचं सूत्र सोपं आहे: ४९५ला घनतेने भागा आणि ४५० वजा करा. उत्तर म्हणजे चरबीची टक्केवारी. आता एक ७० किलोचा माणूस घ्या. पूर्ण बुडवल्यावर त्याचं वजन ३ किलो भरलं. पाण्याची घनता १ धरली, तर त्याने ६७ लिटर जागा व्यापली. पण कितीही श्वास सोडला तरी फुप्फुसात थोडी हवा राहतेच, थोडा वायू आतड्यात असतो. ती सव्वा-दीड लिटर हवा वेगळी मोजून वजा करावी लागते. १.३ लिटर वजा केली, तर चरबी येते सुमारे १५ टक्के. वजा करायला विसरलात, तर तोच माणूस, तेच पाणी, आणि चरबी येते २४ टक्के! सव्वा लिटर हवेने काटक माणूस स्थूल ठरतो. मुलांना हे गणित मी स्वतः करायला लावते, कारण मोजमापाबद्दलचा आदर आणि सावधपणा दोन्ही त्यातून एकदमच येतात.

आणि ते १.१ आलं कुठून? अगदी मोजक्या मृतदेहांच्या रासायनिक पृथक्करणातून. हाडं किती भरीव आणि ऊतींमध्ये पाणी किती, हे वयाप्रमाणे आणि माणसामाणसात बदलतं. हाडं विरळ झालेल्या वृद्धेला ते १.१ लावलं, तर तिची चरबी आहे त्याहून जास्त दिसते.

हीच गोष्ट मला आज सगळ्यात ठासून सांगायची आहे. जिवंत माणसातली चरबी थेट वजन करून कुणीच पाहिलेली नाही. प्रत्येक उपकरण दुसरंच काहीतरी मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. कॅलिपर हा चिमटा त्वचेच्या घडीची जाडी मोजतो. मोजणारा हात सरावलेला असेल तर हे स्वस्त साधन अजूनही उत्तम, पण हात बदलला की आकडा बदलतो.

वजनाबरोबर चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा तर आता पुष्कळ घरांत आहे. तो एका तळपायातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या तळपायात पकडतो. स्नायूंत पाणी आणि क्षार असतात, त्यातून वीज सहज वाहते. चरबीतून ती अडते. किती अडथळा झाला, एवढंच काटा मोजतो. बाकी सगळं आपण भरलेल्या उंची, वय आणि लिंगावरून समीकरणाने काढलेलं असतं. त्यातही प्रवाह मुख्यतः एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली येतो. हातातून पायापर्यंत प्रवाह सोडणारी यंत्रं घेतली तरी अडचण उरतेच. धड हा शरीराचा जवळजवळ निम्मा भाग, पण तो रुंद असल्यामुळे एकूण विद्युतरोधात त्याचा वाटा जेमतेम दहावा. म्हणजे पोट, जिथली चरबी आपल्याला सगळ्यात जास्त कळायला हवी, तिथलीच सगळ्यात पुसट कळते. घाम गळून पाणी कमी झालं तर रोध वाढतो आणि काटा चरबी वाढल्याचं सांगतो.

डेक्सा स्कॅन यापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून जातात आणि हाड, चरबी व उरलेला मऊ भाग त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. किरणांचा डोस अगदी कमी, एखाद्या दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या आसपास. पण जिथे हाड आडवं येतं तिथली चरबी डेक्सालाही शेजारच्या भागावरून ताडावी लागते. शिवाय पायांवर सूज असेल, तर ते पाणी ‘लीन’ म्हणून, म्हणजे जणू स्नायूंच्याच खात्यात जमा होतं.

मग हे आकडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. एकच उपकरण, दिवसाची एकच वेळ, शक्यतो उपाशीपोटी, आणि मधे काही महिन्यांचं अंतर, असं ठेवलं तर बदलाची दिशा बऱ्यापैकी खरी कळते. एका यंत्रावरचे २४ आणि दुसऱ्यावरचे २८ यांची तुलना मात्र करू नका.

आता आरोग्याकडे येते. चरबीला आपण शत्रू मानतो, म्हणून लायपोडिस्ट्रॉफी हा दुर्मीळ विकार माहीत असायला हवा. त्यात शरीरात चरबी साठवणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. अशा माणसांना तीव्र मधुमेह होतो, यकृत चरबीने भरतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात वाहणारी चरबी, भयंकर वाढतात. कारण कोठार नाही म्हणून स्निग्ध पदार्थ संपत नाहीत. ते यकृतात आणि स्नायूंत घुसतात. त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्या-नितंबांवरची, हे शरीराचं सुरक्षित कोठार आहे. ते अपुरं पडलं की चरबी पोटातल्या अवयवांभोवती साठू लागते, आणि आतड्यांभोवतालच्या चरबीतून निघालेली स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात. जाँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७ सालीच बजावलं होतं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे पाहा.

बीएमआय सारखा असूनही आतली चरबी किती वेगळी असू शकते, याचं एक विलक्षण उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. भारतीय डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचेच फोटो आणि आकडे मांडले. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी बीएमआयचे २३ आणि २७.५ हे सावधानतेचे वेगळे टप्पे सुचवले. २०२५ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तर स्पष्टच म्हटलं की लठ्ठपणाचं निदान एकट्या बीएमआयवर करू नका. कंबर मोजा किंवा डेक्सासारख्या तपासणीने चरबी पाहा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, ही खूण लक्षात ठेवायला सोपी आहे आणि तिला लागते फक्त मोजपट्टी.

आणि स्नायू. इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतात. मोठा आजार आला, की शरीर प्रथिनं त्यांच्याचकडून काढून घेतं. एका प्रयोगात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर प्रत्येकाच्या पायांतला सरासरी सुमारे एक किलो चरबीविरहित ऊतक गेला. वजन घटवताना हे विसरलं जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे झपाट्याने उतरतं, त्यात पाणीच खूप असतं, कारण एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पुढे उतरणाऱ्या वजनातही एक मोठा वाटा चरबीविरहित भागाचा असतो, मग ते उपासाने उतरो की नव्या औषधांनी. ‘किती किलो उतरले?’ असं कुणी कौतुकाने विचारलं, की माझ्या मनात ‘कशाचे?’ हा प्रश्न आधी येतो.

वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सार्कोपेनिया असं नाव दिलं. त्या वेळी भर स्नायूंच्या आकारमानावर होता. आता युरोपीय तज्ज्ञगट आधी हाताची पकड मोजायला सांगतो. पुरुषांत २७ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १६ किलोपेक्षा कमी भरली तर पुढची तपासणी. किंवा हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगायचं आणि वेळ लावायची.

१९९० साली मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातली दहा माणसं, सरासरी वय ९०. आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड वजनांचा व्यायाम. नऊजणांनी तो पुरा केला. मांडीतल्या स्नायूंचा आकार मोजला, तर वाढ ९ टक्के. ताकद मोजली, तर सरासरी वाढ १७४ टक्के. दोघांची काठी सुटली. तिघांना सुरुवातीला हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. त्यातला एकजण उठू लागला. आईला त्या दुपारी उठताना पाहिलं, त्या रात्री हा अभ्यास मी पुन्हा काढून वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्याच खुर्चीपाशी व्यायामाला लागलो. माझ्या वहीत वजनाशेजारी तेव्हापासून दुसरा रकाना आहे: हात न टेकता किती वेळा उठली. पहिल्या ओळीत तिथे शून्य आहे, अकराव्या आठवड्याच्या ओळीत चार. वजनाच्या रकान्यात दोन्हीकडे ५८.