मुलींनो, हे तुम्हीच मोठ्यानं बोला

नमस्कार श्रोतेहो.

नवरात्र तोंडावर आलं की आपल्या बडोद्यात चणिया-चोळ्यांची दुकानं भरतात आणि त्याच सुमारास काही घरांत मुलींची ताटं रिकामी होऊ लागतात. "आई, आज फक्त ताक दे." "मी मैत्रिणीकडे खाऊन आलेय." चोळी अंगावर छान बसावी म्हणून दोन-तीन आठवडे अर्धपोटी राहायचं आणि मग मैदानावर रात्र रात्र गरबा खेळायचा. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतही हे चालतं. त्याआधी गौरीच्या हळदीकुंकवाला आलेली एखादी काकू "अगं, किती सुटलीस!" म्हणून गेलेली असतेच. बहुतेक मुली दसरा झाला की पुन्हा पोटभर जेवू लागतात. काहींना मात्र मग जेवताच येत नाही. मी आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याच्या आजारात मुलगी खाणं तोडत जाते. बुलिमियात भसाभस खाऊन मग ओकून काढते, नाहीतर जुलाबाची औषधं घेते. बिंज ईटिंगमध्ये खाण्यावरचा ताबाच सुटतो आणि नंतर मन स्वतःला खात बसतं. हे लाड नव्हेत, हट्ट नव्हे. वारंवार ओकल्यानं रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. आणि हे दुखणं फक्त काटकुळ्या मुलींना होतं, हा समज तर पार चुकीचा. अंगानं भरलेली मुलगीही गंभीर आजारी असू शकते. तिचं वजन उतरताना पाहून सगळे शाबासकी देतात, म्हणून तिचा आजार उशिरा कळतो.

हे येतं कुठून? फिजी बेटांवर धष्टपुष्ट बाईचं कौतुक व्हायचं, अगदी आपल्या आज्या करायच्या तसं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तेव्हा वजन कमी करायला ओकणारी एकही शाळकरी मुलगी अभ्यासकांना आढळली नव्हती. १९९८ साली अशा मुली ११ टक्क्यांहून अधिक निघाल्या. आज तर पडदा मुलीच्या उशाशीच असतो.

मग आपण काय करतो? कॉलेजात डॉक्टरांना बोलावून व्याख्यान ठेवतो. त्यानं माहिती वाढते, वागणं फारसं बदलत नाही. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या कामातून पुढे आलेली 'बॉडी प्रोजेक्ट' ही पद्धत. तिच्यात मुलींना कुणी उपदेश करत नाही. सात-आठ मुली एकत्र बसतात आणि बारीक असलं म्हणजेच सुंदर, या कल्पनेची किंमत कोण मोजतं, हे त्याच मांडतात. पैसा कुणाच्या खिशात जातो, वेळ कुणाचा जातो, तब्येत कुणाची ढासळते. लहान बहिणीला लिहावं तसं एक पत्र लिहितात. गट चालवणारी ताई डाएटच्या नादी लागलेल्या मुलीचं सोंग घेते आणि बाकीच्या तिला परावृत्त करतात. "वजन वाढलंय का गं?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याचा सराव करतात.

यामागचं तत्त्व मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं. माणूस आपखुशीनं, चारचौघांत एखादी गोष्ट बोलला की त्याचं मन त्या बोलण्याकडे झुकतं. आत एक आणि बाहेर एक, हे त्याला फार काळ सोसत नाही. म्हणून वाक्य मुलीच्याच तोंडून यावं लागतं. आईनं तेच शंभरदा सांगितलं तरी तो परिणाम होत नाही.

हे गट ऑनलाइनही चालतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात वजनाची फार चिंता करणाऱ्या ४८० तरुणींपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा इंटरनेटवरचा दुसरा एक कार्यक्रम आणि गटचर्चा दिली. सगळ्यांचा हिशेब एकत्र धरला तर आजार फारसा कमी झाला नाही. पण ज्यांचं वजन मुळात जास्त होतं, त्यांच्यात दोन वर्षांत गटातली एकही आजारी पडली नाही, बाहेरच्या जवळजवळ १२ टक्के पडल्या. पुढे स्वीडनमध्ये ४४३ मुलींचा अभ्यास झाला. नुसतं मनातलं लिहून काढायला सांगितलेल्या मुलींपेक्षा, व्हिडिओवर 'बॉडी प्रोजेक्ट'चे गट भरवलेल्यांमध्ये दोन वर्षांत नवे आजार ७७ टक्क्यांनी कमी दिसले. मुली एकमेकींशी समोरासमोर बोलत होत्या, म्हणूनच हा आकडा आला असं मला वाटतं. नुसतं वाचायला पाठवून हे साधत नाही.

आपल्या गावात ऑनलाइनचा आणखी एक फायदा आहे. समुपदेशकाच्या पायऱ्या चढताना पाहिलं की दुसऱ्या दिवशी पोळात, म्हणजे गल्लीत, चर्चा. घरातल्या खोलीतून मात्र फतेगंजच्या वसतिगृहातली मुलगी आणि पादरा गावातली मुलगी एकाच गटात बसू शकतात. हे शिकलेल्या विद्यार्थिनीही गट चांगला चालवतात, हेही परदेशी विद्यापीठांत सिद्ध झालंय. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात १९५० पासून गृहविज्ञान शिकवलं जातंय. असे गट चालवणाऱ्या मुली इथेच तयार व्हाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र काही नियम पाळायलाच हवेत. गट लहान आणि बंद असावा, प्रशिक्षित ताई हजर असावी. कुणाचं वजन, कॅलरी, ओकण्याच्या युक्त्या, यांतलं काहीही बोलायचं नाही. आजारी मुलींना त्यातून कल्पना मिळतात.

आणि हे गट आजार होऊ नये म्हणून आहेत. जेवून उठल्याबरोबर बाथरूमची कडी लागते, पाळी थांबलीय, चक्कर येते, सगळ्यांबरोबर जेवायचं टळतं, उपवास वाढत चाललेत, असं दिसलं तर आधी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर आहे १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि गुजराती-हिंदीत बोलता येतं. फोन मुलीनंच करायला हवा असं नाही. आईनं केला तरी चालतो, मैत्रिणीनं केला तरी चालतो.

नमस्कार.